ठकी जेवत नाही, पण पाणी किती पिते?

प्रश्न : आमची ठकी सात वर्षांची आहे. गावठीच. मुलगा अकरावीत असताना पावसात भिजलेलं पिल्लू उचलून घेऊन आला, तेव्हापासून ती त्याचीच. यंदा पाडवा करून मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, त्याला आज अकरा दिवस झाले. सुरुवातीला ठकी दाराशी बसून राहायची, जेवण अर्धं टाकायची. गेले पाच-सहा दिवस तर ताटलीला तोंडच लावत नाही. बिस्किट दिलं तर तोंडात धरते आणि खाली ठेवते. ऊन वाढल्यामुळे पाणी मात्र खूप पिते, लिटरभराचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागतं. परवा आणि काल रात्री तिने घरातच सू केली, असं तिने लहानपणीही फारसं केलं नव्हतं. ह्यांचं म्हणणं, मुलगा गेल्याचा राग काढतेय. शेजारच्या काकू म्हणतात, दोन दिवस पुढ्यात काहीच ठेवू नका, भूक लागली की आपोआप खाईल. मला वाटतं, तिने त्याचं जाणं मनाला लावून घेतलंय. मुलाचा आवाज फोनवर ऐकवला तर खाईल का? की आवाज ऐकून आणखी खचेल?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, फोनवरच्या आवाजाबद्दल सांगते, पण सगळ्यात शेवटी. कारण तुमचं पत्र वाचताना मी त्या प्रश्नापर्यंत पोचलेच नाही, पाण्याच्या भांड्यापाशीच थबकले. सदरातलं उत्तर छापून यायला दोन-तीन आठवडे जातात. ठकीकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि त्याच दुपारी फोन केला. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या परवानगीने ते इथे लिहिते आहे, कारण ‘कुत्रं जेवत नाही’ एवढीच तक्रार असलेली पत्रं दर महिन्याला येतात आणि त्यातल्या कितीतरी पत्रांत खरी गोष्ट अशीच कुठेतरी मध्ये, सहज लिहून टाकलेली असते.

फोनवर मी आधी दोन गोष्टी विचारल्या. ठकीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय का? तुम्ही म्हणालात, नाही, ती मोकळी बाहेर जातच नाही, म्हणून गरज वाटली नाही. मग ती शेवटची हीटवर, म्हणजे माजावर, कधी आली होती? तुम्ही जरा आठवलंत आणि म्हणालात, महाशिवरात्रीला; उपासाच्या दिवशी फरशीवरचे रक्ताचे थेंब पुसत होते. म्हणजे सहा आठवडे झाले. मागची बाजू सारखी चाटते का, असं विचारलं तर म्हणालात, हो, पण ती तर नेहमीच चाटते. तेवढ्यावर मी तुम्हाला सांगितलं, आज संध्याकाळीच दवाखान्यात न्या, सोनोग्राफी करायला सांगा, उद्यावर टाकू नका.

सोनोग्राफीत ठकीचं गर्भाशय पुवाने भरलेलं निघालं. या दुखण्याला पायोमेट्रा म्हणतात. ज्यांच्या घरी ऑपरेशन न झालेली कुत्री आहे त्यांनी हा शब्द पाठच करून ठेवावा.

हे होतं कसं? हीट संपल्यावर कुत्रीचं शरीर, ती गाभण असो वा नसो, जवळजवळ दोन महिने गाभणपणाचंच संप्रेरक तयार करत राहतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आत स्राव साठतो. हीटच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असताना जे जंतू आत शिरलेले असतात, बहुतेक वेळा तिच्याच शेणवाटेतले ई. कोलाय, त्यांना तिथे आयतं घर मिळतं. दर हीटला ते अस्तर थोडं थोडं बिघडत जातं, म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो. एरवी पेन्सिलीएवढं बारीक असणारं गर्भाशय भरल्या पडवळासारखं फुगतं. जंतूंचं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येईनासं होतं. लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. ठकीने रागाने घरात सू केली नाही, ताई. तिला ती धरवली नाही. रात्री उठून ती दाराशी गेलीही असेल.

गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर मागून पू किंवा तपकिरी, घाण वासाचा स्राव येतो आणि निदान घरच्यांच्या लक्षात तरी येतं. ठकीच्या गर्भाशयाचं तोंड बंद होतं. बाहेर काही दिसत नव्हतं, सगळं आतच साठत होतं. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण गर्भाशय फुटू शकतं. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चारातल्या एकीला दहाव्या वर्षापर्यंत हे दुखणं झालेलं आढळलं. इतकं हे नेहमीचं आहे, आणि तरीही घरोघरी कुणाला माहीत नसतं.

मी हे एवढ्या कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. पशुवैद्य म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक नऊ वर्षांची पामेरियन आली होती. घरातली आजी वारल्यापासून जेवत नाही, असं मालकांनी सांगितलं. डोळे पाणावलेले होते त्यांचे. मीही तेच धरून बसले. पोटाचं औषध आणि भुकेचं टॉनिक देऊन त्यांना घरी पाठवलं. पाणी किती पिते, हीट कधी होती, काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून घरात काहीही घडलेलं असो, कुणी गेलेलं असो, घर बदललेलं असो, बाळ आलेलं असो, मी आधी शरीर तपासते आणि मग मनाकडे वळते.

कुत्रं माणसासाठी झुरतं हे मला मान्य आहे. मुलगा गेल्यावर ठकी दाराशी बसली, अर्धं टाकू लागली, ते त्याच्यासाठीच असणार. पण झुरणारं कुत्रं सहसा काही दिवस कमी खातं. फिरायचा पट्टा काढला की उठतं. उकडलेल्या चिकनचा वास आला की मान वर करतं. पाणी नेहमीइतकंच पितं. दिवसागणिक थोडं थोडं सावरतं. ठकीचं उलटं चाललं होतं, ती दिवसागणिक उतरत होती. मुलाचं जाणं आणि हे दुखणं एकाच वेळी आलं आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकून टाकलं. यात तुमची चूक शोधत बसू नका.

आता पाण्याचं मोजमाप सांगते. कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिली पाणी पितं. उन्हाळ्यात थोडं जास्त. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर ते ऊन म्हणून सोडून द्यायचं नाही. ठकी सोळा किलोची, म्हणजे तिचं दिवसाचं पाणी लिटरच्या आत-बाहेर असायला हवं. ती तीन लिटर पीत होती. मोजायची सोपी रीत अशी : सकाळी लिटरच्या बाटलीने मोजून भांडं भरा, दिवसभर प्रत्येक वेळी त्याच बाटलीने भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं वजा करा. पाणी वाढणं आणि जेवण सुटणं एकत्र आलं की डॉक्टर पायोमेट्रा, मूत्रपिंड, यकृत आणि मधुमेह या चारही दिशांनी बघतात. म्हाताऱ्या कुत्र्यात मूत्रपिंडाचं दुखणं फार. त्यांच्या तोंडाला एक वेगळाच उग्र वास येऊ लागतो.

दुसरं बघायचं ते ताटलीपाशी. कुत्रं जेवत नाही म्हणजे नक्की काय करतं, हे पाच मिनिटं खाली बसून बघा. ते ताटलीजवळ येतच नाही, कोपऱ्यात पडून असतं, तर त्याला भूकच नाही. येतं, वास घेतं, जीभ नाकावरून फिरवतं, लाळ गिळतं आणि तोंड फिरवतं, तर त्याला मळमळतंय; पोट, यकृत, मूत्रपिंड, विषबाधा यातलं काहीतरी असू शकतं. आणि धावत येतं, घास उचलतं, मग टाकून देतं किंवा मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं, तर त्याला भूक आहे पण तोंड दुखतंय. किडलेला दात असेल, हिरडी सुजली असेल. हाडाचा आडवा तुकडा वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला अडकून बसलेलाही मी कितीदा काढलाय. ठकीने बिस्किट धरून खाली ठेवलं, हे तुम्ही किती नीट टिपलंत! डॉक्टरांना अशा एका वाक्याचा फार उपयोग होतो.

मात्र इथेच एक सावधगिरी, आणि ही सगळ्यांसाठी. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, असं दिसलं तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज असाही दिसतो. चावण्याआधी नुसतं जेवण सोडणारं, गप्प बसणारं कुत्रंही रेबीजचं असू शकतं. लाळ हाताला लागली, ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. कुत्र्याची लस दरवर्षी घेतलेली असली तर ही भीती फार कमी होते, तरी हात घालायचं काम डॉक्टरांचंच.

आपल्याकडे जेवण सुटण्याचं आणखी एक मोठं कारण म्हणजे गोचीड ताप. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे तर दवाखान्यात याचीच रांग असते. तपकिरी गोचीड चावते आणि रक्तात एर्लिकिया किंवा बबेसिया नावाचे सूक्ष्म जंतू सोडते. कुत्रं खात नाही, सुस्त पडतं, ताप येतो-जातो. प्लेटलेट घसरल्या की नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसतात. बबेसियात लघवी काळ्या चहासारखी होऊ शकते. अंगावर आज गोचीड दिसत नाही म्हणून हे नसेल असं धरू नका, कारण गोचीड पोट भरलं की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन बसते. वेळेवर रक्त तपासलं तर औषध हाताशी आहे. एर्लिकियासाठी गोळ्यांचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. तिसऱ्या दिवशी कुत्रं जेवायला लागलं म्हणून लोक तो बंद करतात आणि महिन्याने पुन्हा येतात. कृपा करून पूर्ण करा.

घरी दोन गोष्टी प्रत्येकाला तपासता येतात. वरचा ओठ हलकेच उचला. हिरडी गुलाबी आणि ओली हवी. तिच्यावर अंगठा दाबून सोडा, पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरडी कागदासारखी फिकट, पिवळी किंवा विटेच्या रंगाची दिसली तर थांबू नका. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. दुसरं म्हणजे थर्मामीटर. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारात. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. 103 च्या वर ताप, आणि 100 च्या खाली गेलं तर तेही वाईटच. नाक कोरडं आहे की ओलं, यावरून काही ठरत नाही. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं.

थांबायचं किती? मोठं, एरवी धडधाकट, खेळतंय, पाणी नेहमीसारखं पितंय, उलटी-जुलाब नाहीत, अशा कुत्र्याने एक दिवस जेवण टाकलं तर बघू. एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारचं जेवण कित्येक कुत्री नाकारतात, त्यांना पहाटे आणि रात्री उशिरा द्यावं. गल्लीत कुणी कुत्री हीटवर असली की नर दोन-दोन दिवस अन्नाला शिवत नाहीत. हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी काही माद्यांना खोटं गाभणपण येतं; बिछाना उकरतात, चपला-खेळणी पोटाशी घेतात, दूधही येतं आणि खाणं कमी होतं. पण तो काळ आणि पायोमेट्राचा काळ एकच आहे, म्हणून ‘खोटं गाभणपण असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. 24 तास उलटले आणि सोबत दुसरं काहीही असलं, तर दवाखाना. पिल्लाच्या बाबतीत तर अर्धा दिवससुद्धा फार. लस न झालेलं पिल्लू जेवत नाही आणि उलट्या करतंय, तर पार्व्हो या विषाणूच्या आजाराची शक्यता धरून लगेच पळायचं, रक्ताच्या जुलाबाची वाट बघायची नाही. आणि जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकाऱ्या काढतंय पण काही पडत नाही, तर त्याच्या जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे हिशोब तासांचा असतो, मध्यरात्र असली तरी निघायचं.

काकूंचा सल्ला त्यांनी मायेनेच दिला असणार. बिस्किटांची चटक लागून पोळी नाकारणाऱ्या कुत्र्याला तो लागूही पडतो. पण ते कुत्रं बिस्किट मिटक्या मारत खातं. जे कुत्रं बिस्किटही खाली ठेवतं ते नखरे करत नाही.

घरच्या औषधांबद्दल फार कडक सांगते. माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलने यकृत जातं. ‘लहान बाळाचा डोस दिला’ असं सांगत लोक येतात तेव्हा हातापायांतलं बळ जातं माझ्या. तोंड उघडून चमच्याने पेज ओतू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मळमळणारं कुत्रं त्या पदार्थाचा तिटकारा घेऊ शकतं. डॉक्टरांनी खायला घालायची परवानगी दिली की बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, किंवा चिकन चालत नसेल तर उकडलेलं अंडं, थोडा लाल भोपळा. कांदा-लसणाचा स्पर्शही नको. अन्न कोमट करून द्या, हाताला ऊबदार लागेल इतकंच. वास वर आला की कुत्र्याची भूक जागी होते, फ्रिजमधल्या गार भाताकडे आजारी कुत्रं बघतही नाही.

फोनवर तुम्ही विचारलंत की सोनोग्राफीची सोय सगळीकडे असते का. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुधा नसते, पण तिथले डॉक्टर तपासून योग्य ठिकाणी पाठवतात. तुमच्यासारख्या सातारा भागातल्या वाचकांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचं. मुंबईत परळ, विदर्भात नागपूर, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथेही अशी महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडून दवाखाने आहेत. जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या : शेवटचं पोटभर जेवण कधी झालं, पाणी किती, शी-सू कशी, हीट कधी, लस आणि जंताचं औषध कधी. दवाखान्यात गेल्यावर गोंधळायला होतं आणि नेमकं हेच आठवत नाही.

आता ठकीकडे येते. तिला आधी सलाइन लावून सावरलं, मग दुसऱ्या दिवशी गर्भाशय आणि बीजकोश काढले. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर घालून बसलेली ठकी बघितली आणि डोळे भरून आले. हे छापून येईल तेव्हा टाके निघालेले असतील. तोवर, फोनवर सांगितलंच आहे, टाक्यांना जीभ लागू देऊ नका, जिना चढू देऊ नका, पाणी आणखी दोन आठवडे तरी मोजत राहा; ते लिटरच्या आत आलं की मूत्रपिंडं सावरली असं समजायला हरकत नाही. नाही आलं तर रक्त पुन्हा तपासून घ्या. हीट आता येणार नाही, भूक मात्र वाढेल आणि वजनही, तेव्हा बिस्किटं मोजूनच.

आणि फोनवरचा आवाज. ऐकवा, जरूर ऐकवा, पण टाके निघाल्यावर. त्याआधी त्याची हाक ऐकून ती दाराकडे झेप घेईल आणि टाके ताणले जातील. नंतर रोज ठरलेल्या वेळी, तिचं जेवण झाल्यावर, स्पीकर लावून, तिला तुमच्या मांडीशी बसवून. मुलाला म्हणावं, नुसती हाक मारून फोन ठेवू नकोस, दोन-चार मिनिटं शांतपणे बोल. ती कान टवकारेल, फोन हुंगेल, कदाचित थोडी कण्हेल. फार अस्वस्थ झाली तर दोन दिवस थांबा. आवाजापेक्षा कुत्र्याला वास जास्त जवळचा असतो. मुलाचा एखादा वापरलेला, न धुतलेला शर्ट घरात राहिलेला असेल तर तो धुवायला टाकू नका; आजच तिच्या गादीवर घाला. नसेल तर त्याला सांगा, एक टी-शर्ट दोन दिवस अंगात घालून, पिशवीत घट्ट बांधून कुरिअरने पाठव.